मोजा

ग्रिफिथच्या बाहेर, द्राक्षमळे संपतात तिथलं घर.
नोव्हेंबर. अकरा वाजताच व्हॅनचा पत्रा चटके देतो.
ओर्नेला झँकेट्टा फाटकापासूनच सांगायला लागतात:
मीठ आहे, पंप आहे, पेटीवरचा दिवा हिरवा आहे.
आता पाणीही हिरवं व्हायची वाट बघायची का?

मी नळी बुडवतो. थेंब सोडतो.
गुलाबी व्हायला हवं.
पाणी ओळखच दाखवत नाही.

आधी सेल काढला. पात्यांवर चुना होता,
पण किटलीच्या तळाला धरतो तेवढाच.
बादलीत पाणी, मग त्यात आम्ल
(आधी पाणी, मग आम्ल; हे मी तीन पोरांना शिकवलं,
एकाने ऐकलं नाही, तो आता सुतारकाम करतो).
फेस आला, विरला. परत बसवला.
धारेतून बारीक बुडबुडे निघत होते,
म्हणजे यंत्र राबत होतं.
मीठही पुरेसं. बाईंनी पाठीला पट्टा बांधून
सहा पोती ओतली होती, एकटीने.

मग जातं कुठे?

संध्याकाळी पुन्हा गेलो. पेटी बंद केली,
कॅनमधलं क्लोरीन हाताने ओतलं, तासाभराने मोजलं:
तीन.
पहाटे, तारेवर गुलाबी काकाकुवे जमायच्या आत:
तीन.
रात्री कोणी आलं नव्हतं. ना शेवाळ, ना निलगिरीची पानं.
दुपारी दोन वाजता: शून्य.

चोर डोक्यावर होता, उघड उघड.
इतके दिवस आंधळं दळत होतं
आणि सूर्य पीठ खात होता.

एक शेवटची चाचणी असते.
नळीच्या तळाशी काळा ठिपका.
गढूळ मिश्रण ओतत जायचं,
ठिपका दिसेनासा होईपर्यंत.
मी ओतत गेलो. नळी काठोकाठ भरली.
ठिपका माझ्याकडे बघतच राहिला.

हिवाळ्यात टाकी उपसली होती का?

जूनमध्ये. फरशा सुटल्या होत्या.
सिल्व्हानोनेच उपसली. नवं पाणी भरेपर्यंत तो...
त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं
आणि बाकावरचं पान उचललं.

दर वसंतात पाण्यात काही पांढरं टाकायचे का ते?

मोज्यात, त्या म्हणाल्या.
करडा लोकरी मोजा, शिडीला बांधून,
धारेसमोर आठवडाभर लोंबत.
लोक पोहायला यायचे आणि तो मोजा!
मी भांडायचे. तो म्हणायचा, असू दे.
काय आहे ते कधी विचारलंच नाही.
नंतर सगळे मोजे धुतले, जोड्या लावल्या.
एकाची जोडी लागेना. टाकून दिला.

मी त्यांना सांगितलं:
ती पूड म्हणजे क्लोरीनवर धरलेली सावली.
यंत्राला ती बनवता येत नाही.
मीठ उतरलं तर पेटी ओरडते,
हिच्यासाठी दिवाच नाही.
ठाऊक असतं तो टाकतो.

व्हॅनमध्ये डबा होता. पूड सुटी ओतली
तर तळाशी बसून राहते, म्हणून म्हटलं, एखादा जुना...
त्या आत गेल्या. बराच वेळ गेल्या.
गुंडाळलेली जोडी घेऊन आल्या,
उलगडली, एक माझ्या हातात दिला,
दुसरा ॲप्रनच्या खिशात.

गाठ त्यांनीच मारली.
कोपरापर्यंत हात बुडवून पिळला,
पाण्यात दूध सुटलं आणि नाहीसं झालं.

बारा दिवसांनी, दुपारी दोन.
मी थेंब सोडले. नळी उन्हात धरली.
फिकट होतं, पण गुलाबी होतं.

बाई वाकून बघत होत्या.
पुन्हा, त्या म्हणाल्या.
पुन्हा मोजा.