किलोमीटरमागे दीड रुपया

वहीचं शेवटचं पान उघडून
अण्णांनी मधोमध रेघ मारली.
डावीकडं पेट्रोल, उजवीकडं डिझेल.
एकतीस वर्षं जिंतूर डेपोच्या पंपावर
कुठली बस किती प्याली, किती पळाली
एवढंच लिहीत आलेला माणूस.
ड्रायव्हरांची तोंडं विसरला,
अ‍ॅव्हरेज विसरला नाही.

"आजचा भाव सांग."
पेट्रोल एकशे आठ.
टँकर मनमाडहून निघतो आणि आमच्याकडं येईस्तोवर
त्यालाही वाटेत तहान लागत असावी.
डिझेल साडेचौऱ्याण्णव.
ही अठरा देती, ती एकवीस.
भागाकार त्यांनी तोंडीच केला.
सहा रुपये. साडेचार.
किलोमीटरमागे दीड रुपया वाचतो.

"दीड रुपयात कोथिंबिरीची काडी येत नाही,"
आई आतून म्हणाली.

बसस्टँडमागच्या शेडमध्ये
मुजीबभाईंनी दोन्ही गाड्या दाखवल्या होत्या,
दोन्ही पांढऱ्या, दोन्ही कुणाच्या तरी वापरून झालेल्या.
"पेट्रोल शेळी हाय, ताई. कुठंबी बांधा.
डिझेल म्हैस.
देती जास्त, पण रोज फिरवावी लागती,
नसता बसल्या जागी आजारी पडती."
म्हैस एक लाख वीस हजारानं चढी होती.

अण्णांनी त्याला दीडनं भागलं.
ऐंशी हजार किलोमीटर.
तिथं थांबता आलं असतं.
पण पंपावरचा माणूस
टाकी अर्धी सोडून नळी काढत नसतो.
परभणी जाऊन येऊन नव्वद.
मंगळवार आणि शुक्रवार.
डॉक्टरांनी वर्षं सांगितली नव्हती,
वारच सांगितले होते.
चार तास मशीन, हातात दोन सुया,
येताना काचेला टेकलेलं डोकं
आणि बोरीच्या पुढं खड्ड्यात
ते काचेवर आपटू नये म्हणून
एस.टी.त मी मधे धरलेला तळवा.

वर्षाच्या एकशे चार फेऱ्या.
नऊ हजार तीनशे साठ.
पेन थोडा वेळ हवेत राहिलं.
"साडेआठ वर्षं," अण्णा म्हणाले,
दुसऱ्याच कुणाची थकबाकी वाचावी तसे.
"त्याच्या पुढं डिझेल फायद्यात."
आत विळीचा आवाज बंद झाला.
"तवा पेट्रोल घे."
आणि टोपण लावलं.

मी वही ओढली.
उजव्या रकान्यात लिहीत सुटले.
माझी शाळा, जिथं मी बसनं जाते, रोज.
येलदरीचं धरण, दर रविवारी.
हिंगोलीची आत्या, महिन्यातून एकदा,
भांडण मिटलं तर दोनदा.
चारठाण्याची देवळं,
मी चौथीत असताना दाखवतो म्हणाले होते ती.
आईचे गुडघे, नांदेडचा डॉक्टर.
अक्षर वाकडं होत गेलं, बेरीज वाढत गेली,
वर्षाला वीस हजार.
वीस हजार केले तर चारच वर्षं लागतात, अण्णा.
चारच.

ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.
"डिझेल वाचवायला एवढं जाळायलीस?
डेपोत असतीस तर मेमो दिला असता."
पण खोडलं काहीच नाही.
नुसतं आत्याच्या दोनवर बोट ठेवून म्हणाले,
"हिथं एकच धर."

मंगळवारी पहाटे सव्वापाचला चावी फिरवली
तेव्हा आवाजावरूनच गल्लीला कळलं
काय घेतली ते.
अण्णा मागं बसले नाहीत.
सुयांचा हात मांडीवर जपून ठेवला,
दुसऱ्यानं नव्या वहीत तारीख घातली,
सुरुवातीचं रीडिंग: त्रेसष्ट हजार चारशे बारा.
शेवटचं, त्याची जागा कोरी.
आई फाटकाशी उभी होती,
मी उगाच आरशात तिला बघत बसले.

"कामून थांबलीस?
उभ्या गाडीत डिझेल जाळू नको.
चल."