खिडकीकडचं टेबल

एकोणीस वर्षं मी इथे मागच्या दारानं आले.
आज पुढचं दार ओढायचं की ढकलायचं, हेच कळेना.
बेरिलनं ढकललं. बेरिल माझी नणंद,
जेवण तिच्या पंच्याहत्तरीचं, पैसे तिच्या लेकाचे,
आणि बूट माझे, नवे, टाचेला चावणारे.

आत सगळं शेवाळी.
भिंती शेवाळी, खुर्च्या शेवाळी, वाढणाऱ्या पोरीचा एप्रनसुद्धा.
शेकोटीवरचा पेंढा भरलेला पाईक मासा गेला.
डार्टच्या फळीभोवतीची भोकं बुजली,
नेम चुकलेल्यांची चाळीस वर्षं गिलाव्याखाली गेली.
गालिचा गेला, त्याच्याबरोबर त्याचा वासही,
आणि बार्नीचा कुत्रा जिथे पसरायचा
तिथे कुंडीत एक झाड.
खोटं आहे. पान चिमटून पाहिलं मी.

"कसं उजळलंय ना गं," बेरिल म्हणाली.
उजळलंय खरंच. नाही कशाला म्हणू?
सेव्हर्न नदी इथून एवढी रुंद दिसते, मला ठाऊक नव्हतं.
माझ्या मोरीच्या खिडकीतून कचऱ्याची पिंपं दिसायची,
आणि पूर आला की
तरंगणारी पिंपं.

मेन्यूवर किमतींचे नुसते आकडे, पौंडाचं चिन्हच नाही,
जणू कुणी सहज आपलं वय सांगितलं.
बटाटे तीनदा तळलेले.
मी विचारलं, पहिल्या दोन वेळा काय चुकलं होतं?
पोरगी हसली. इमोजेन, नाव छातीवर लिहिलेलं.
बोटांच्या पेरांना चिरा.
मशीन असेलच म्हणा आता आत,
पण करपलेलं पातेलं मशीनला कुठे जमतंय.

ट्राउट आला, सोबत लिंबाची फोड मलमलीत बांधलेली,
बी पडू नये म्हणून.
माझ्या लग्नातही मला कुणी एवढं जपून गुंडाळलं नव्हतं.

मध्येच मी उठले, संडासाचं निमित्त.
त्या चौकटीवर बार्नी प्युनं पुराच्या खुणा कोरलेल्या,
प्रत्येकीशेजारी साल.
आता वरून रंगाचा हात. शेवाळीच.
कुणी बघत नाहीसं पाहून अंगठा फिरवला,
आणि कमरेच्या उंचीवर सापडली:
त्या वर्षी लायनल होडी घेऊन मला न्यायला आला होता
आणि बार्नी त्याला म्हणाला, थांब,
आधी तिचे ग्लास पुसून होऊ देत.
लायनल थांबला. होडीत बसून, पावणेदोन तास.
बेरिलला हे सांगितलं नाही. भाऊ तिचा,
पण गोष्ट माझी.

परत येऊन बसते न बसते तोच आत काहीतरी फुटलं.
सगळा पब गप्प. मग कोपऱ्यातून कुणा टवाळाची टाळी.
मी उभी, नॅपकिन पायाशी.
"बस खाली. तुझं नाही ते."
पण आवाज ओळखीचा होता: खोल ताटली,
एकच, काठावर पडलेली.
पगारातून कापत असतील का अजून?
बार्नी कापायचा,
आणि नाताळच्या पाकिटात तेवढेच परत घालायचा, अवाक्षर न काढता.

जेवण संपलं. बेरिल तिच्या गुडघ्याबद्दल बोलत होती,
आणि माझ्या हातांनी परस्पर चळत रचली,
मोठी ताटली तळाशी, काटे एका अंगाला, हाडं सगळी वर.
"राहू द्या, मी करते," इमोजेन म्हणाली.
बेरिलनं डोळे वटारले.
मी हात मांडीवर घेतले. जड लागले,
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला दिल्यासारखे.

निघताना पाय मागच्या दाराकडेच वळले.
बाहेर पिंपांपाशी पालथ्या क्रेटवर ती बसलेली,
कागदातून काहीतरी खात.
नदी धक्क्याच्या चौथ्या पायरीवर होती.
मी म्हटलं, अजून दोन बुडाल्या की
खालच्या फळीवरचं सगळं वर घे, कुणी सांगायची वाट बघू नकोस.
तिनं मान हलवली.
तोंडात बटाटा होता, तीनदा तळलेला.