प्रश्न सतरावा

एम.ए. भाग दोन, पर्यावरणाचं समाजशास्त्र, पेपर तिसरा.
केगावच्या वर्गात पंखा फिरतो, वारा मात्र
पुणे रोडवरच्या ट्रकांचाच.
डोंबे मॅडम फळ्यावर लिहितात: सामाईक संसाधने.
खाली दोन रेघा.
मी वहीत उतरवून घेते आणि मनात मोजते,
आज चौथा दिवस. उद्या नळ.

फील्डवर्कला वस्ती निवडा, म्हणाल्या.
कुणी नान्नजचं माळरान घेतलं, माळढोकाच्या आशेनं,
कुणी हिप्परग्याचा तलाव.
मी माझीच गल्ली घेतली, विडी घरकुलातली,
बसचं भाडं वाचतं म्हणून.
अहवालात कारण वेगळं लिहिलंय.

प्रश्नावली एक्केचाळीस प्रश्नांची.
सतरावा: आपण कोणत्या नैसर्गिक संसाधनावर अवलंबून आहात?
नरसव्वा सुपातून मान वर न काढता हसली,
"निसर्ग? ते महाबळेश्वरला असतंय की.
इथं काय, ऊन."
उन्हाला रकाना छापलेला नव्हता.

मग आईपुढं बसले. परक्या आवाजात विचारलं,
कुटुंबप्रमुखाचे नाव?
तिनं कात्री थांबवली, बघत राहिली.
"लिही, श्रीलताची आई."

तिच्या पुढ्यात ओल्या फडक्यात पानं.
वाळकं पान वळत नाही, तडकतं;
म्हणून आदल्या रात्री भिजवायचं,
पिण्याच्या घागरीतले दोन तांबे काढून.
वीस वर्षं बघत आले होते.
त्या दुपारी दिसलं:
कुठलं तरी जंगल, आमच्यातल्या कुणीच न पाहिलेलं,
आणि उजनी, पाइपातून येणारी,
दोघं आमच्या सुपात भेटतात,
हजाराच्या हिशेबानं.

हे पान कुठनं येतं गं?
"कारखान्यातनं."
त्याच्या आधी?
"पोत्यातनं."

अठराव्याला कुणीतरी ओरडलं, नीळ्ळु वच्चिनै!
अख्खी गल्ली उठली.
सुपं तशीच, माझं पेन कुठं गेलं कळलं नाही.
मीही धावले, दोन घागरी, एक हंडा,
ओळखपत्र गळ्यात तसंच.

रात्री फॉर्मवर लिहिलं:
प्रतिसादक निघून गेल्या. कारण, पाणी आले.
अठरा ते एक्केचाळीस, रिकामे.
आत एक पान ठेवलंय, अळीनं भोक पाडलेलं,
चेकर छाटात फेकतो तसलं.
भोकातून 'अवलंबून' एवढंच वाचता येतं.
मॅडमना काय सांगायचं, ठरलेलं नाही.
उरलेले प्रश्न घेऊन पुन्हा जायचंय,
नळाचा वार सोडून.