अठ्ठेचाळीस रिकामी घरं

देवळालीच्या बाजारात, लढाईच्या साली,
एका पोलिश बाईनं व्हायोलिन दुरुस्तीला टाकलं
आणि ती परत आली नाही.
अमोलिक सरांच्या वडिलांनी पावती जपली:
घोडी नवी, खुंटी एक, येणे साडेतीन रुपये.
नावाच्या जागी 'पानी ल्युडविका'.
पानी म्हणजे त्यांच्यात बाई,
हे कळायला चाळीस वर्षं गेली,
तोवर सरांच्या मनात ती कुठल्याशा नदीकाठची.

पेटीच्या अस्तराखाली बावीस पानं.
व्हायोलिन कॉन्चेर्टो, पण एकट्या व्हायोलिनपुरता.
मागे बसणाऱ्या साठ माणसांचं
एक ओळसुद्धा नाही.
रचणाऱ्याचं नाव कसरीनं खाल्लेलं,
शिल्लक फक्त 'स्की'.
आम्ही त्यांना स्कीसाहेब म्हणायचो.

मी नाशिकरोडला, नोटांच्या कारखान्यात.
दिवसभर शंभराच्या नोटा उजेडात धरायच्या,
संध्याकाळी शरणपूर रोडला सरांकडे
या दुसऱ्या नोटा.
सवयीनं पहिलं पान खिडकीशी धरलं
तर कागदाच्या पोटात मेंढी दिसली, खरंच.
सर म्हणाले, डाग आहे. वाजव.

वाजवलं. चौथा स्वर चढा.
सर, तीव्र मध्यम! हा तर यमन!
सरांनी गजाच्या टोकानं माझा गुडघा ठोकला.
"दिसला तीव्र म की टाकली सतरंजी, लावली समई.
यमन बसतो रे.
हा उभा आहे, बर्फात, पाय आपटत,
आणि याला घाई आहे खाली उतरायची."
वर पेन्सिलीत लिहिलेलं: पो गुराल्स्कु.
सरांनी वाचलं, गुराख्यासारखं.
पुढे कळलं, डोंगरातल्या माणसांसारखं.
फार चुकलं नव्हतं.

नवव्या पानावर एक जाड आडवी रेघ,
टोकांना दोन खुंट्या, वर आकडा ४८.
म्हणजे आता वाद्यवृंद वाजवील,
तू गज खाली घे, मोज.
कोणता वाद्यवृंद?
मी म्हटलं, ही घरं गाळू या.
सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत आम्ही तो वाजवला,
तांबट लेनच्या तोंडाशी, शाळेच्या एका वर्गात.
माणसं अकरा, फळ्यावर अर्धवट पुसलेला लसावि.
बाहेर भांड्यावर हातोडा चालू, टण् टण्,
खिडकी लावली तरी.
नववं पान. गज खाली.
सर पहिल्या बाकावर, ओठांत मोजत.
दहाव्या घराला कुणीतरी टाळ्या वाजवल्या,
विसाव्याला सिन्नरचे एक गृहस्थ एसटीसाठी उठले,
एकतिसाव्याला
हातोडा थांबला.

मग काही नव्हतं.
सतरा घरं.
माझ्या मनगटातली नाडी, आणि बहुधा
ते साठ जण.

नंतर तांबट आत आला, धोतराला हात पुसत,
ओशाळलेला: "मधेच तुमचं वाजायचं बंद झालं,
मला वाटलं माझ्या ठोक्यांनी अडलं,
म्हणून हात आवरला."
सरांनी त्याला बाकावर बसवलं, स्वतःचा चहा दिला,
नाव विचारलं. धोंडिराम.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.
माझी करंगळी पूर्वीसारखी पोचत नाही,
चौथा स्वर कधी कधी खाली राहतो,
मग घरात कुणी म्हणतं, हे ओळखीचं वाटतं.
नवव्या पानावर, रेघेच्या वर,
सरांच्या बारीक अक्षरात:
'३१ – इथे धोंडिराम थांबतो.'

वाद्यवृंदाचं आमच्याकडे
एवढंच आहे.
पावती पेटीतच असते. साडेतीन रुपये
अजून येणे.