पंख्यातली लाल धूळ

डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे
माझं दुकान. सहा फूट रुंद,
स्क्रू बत्तीस प्रकारचे.
खाणी चालू होत्या तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटातून
लाल धूळ निघायची, कुंकवासारखी बारीक.
रंगाच्या ब्रशाने मी ती झाडायचो.
धूळ झाडण्याचे पैसे घेणारा
गावात मी एकटाच.

मग ट्रकवाल्या गुणाजी माजिकाची मिताली आली.
काखेत लॅपटॉप, बिजागरी तुटलेली,
झाकणाला रबरबँड.
काका, फक्त बिजागरी.
मी म्हटलं, पोरी, याच्यावर
पत्त्यांचा डावसुद्धा धापा टाकेल.
ती हसली, दुकानाचं वायफाय मागितलं,
आणि माझ्या काउंटरवर, सोल्डरच्या डागांमध्ये,
अख्खं राज्य उघडलं:
बर्फाचे डोंगर, घोड्याच्या आयाळीत एक वारा,
गवतात दुसरा.
पंखा फिरला नाही.
लॅपटॉपची पाठ गार,
पहाटेच्या दगडी पायरीसारखी.
मी हात लावून पाहिला. दोनदा.

मशीन कुठाय?
लांब. मुंबईला असेल, नाहीतर चेन्नईला.
खेळ तिथं चालतो, इथं नुसतं चित्र येतं.
क्लाउड म्हणतात.
आमच्याकडे ढग म्हणजे
सोलं उन्हातून आत घ्यायची वेळ.
पण हिचा ढग स्वस्त: महिन्याला
चार रस-ऑम्लेटांचे पैसे.
ग्राफिक्स कार्डाची किंमत
मी तिला सांगितलीच नव्हती कधी.
तिच्या बापाचा ट्रक तेव्हा गवतात उभा,
टायरांत सरडे.

बिजागरी मुंबईहून मागवली.
तोवर ती रोज यायची, शाळा सुटल्यावर, स्टुलावर.
एकदा चिडून म्हणाली,
कडा येतो, मी उडीचं बटण दाबते,
बटण मुंबईला जातं, उडी घेऊन परत येतं,
तोवर मी दरीत.
किती उशीर होतो?
पापणी लवते ना, त्याच्या अर्धा.
त्या अर्ध्या पापणीत
ती त्या दिवशी एकवीस वेळा मेली.
पणजीला केलेल्या अर्जाचं उत्तर
यापेक्षा सावकाश येतं, हे मी मनातच ठेवलं.

मग बोर्ड्याला गटारासाठी रस्ता खणला.
जेसीबीच्या एका दातात केबल आली
आणि तीन दिवस राज्य बंद.
ती तरीही आली. स्टुलावर बसून
माझे स्क्रू मापानुसार लावत राहिली,
न विचारता.

आणि एका महिनाअखेरीस
खेळच यादीत नव्हता.
करार संपला, असं दोन ओळींत लिहिलं होतं.
चार महिन्यांचा घोडा, पोफळी नाव ठेवलेला.
मेला असता तर रडली असती.
मेला नव्हता.
पैसे भरलेले, पावती होती,
पण पावतीवर घोडा नव्हता.

मी माळ्यावरून जुना डबा काढला,
कॅसेटला फुंकर मारली.
माझ्या लग्नाच्या वर्षीची.
फुंकर मारली की अजून चालते;
कुणाला विचारावं लागत नाही.
पडद्यावर चौकोनी माणूस, तीन रंगांचा.
तिने बटण दाबलं, तो उडाला.
लगेच!
तिचे डोळे मोठे झाले.
मला वाटलं, जिंकलो.
दहा मिनिटांनी जांभई देत म्हणाली,
काका, वायफायचा पासवर्ड बदललात का?

बिजागरी आली. नऊ आठवड्यांनी.
मी झाकण उघडलं तर
पंख्याच्या पात्यांवर लाल धूळ, खाणीच्या दिवसांची,
थरावर थर, हलवलेली नाही कुणी.
बाजूच्या स्टुलावर ती, माझ्या मोबाइलवर
नव्या डोंगराच्या पायथ्याशी.
ब्रश हातात होता.
धूळ झाडली, कागदावर घेतली,
पुडी बांधून खणात टाकली.
बिल फक्त बिजागरीचं केलं.