दाखल-खारीज

आर्णीहून पहिल्या गाडीनं निघालो,
मांडीवर रजिस्टर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
कंडक्टरनं विचारलं, गुरुजी, प्रसाद हाय का?
म्हटलं, तारखा.

बाल न्याय मंडळाच्या खोलीत उंच चौथरा नाही.
साधं टेबल, पलीकडे न्यायाधीश मॅडम,
बाजूला दोन सदस्य, त्यातली एक बाई.
पोलीस साध्या शर्टात, बूट मात्र खात्याचे.
आरोपी म्हणायचं नाही इथं.
फायलीवर लिहितात, विधी संघर्षग्रस्त बालक.
हा शब्द निकेश भुसारीला
माझ्या कुठल्याच धड्यात आला नव्हता.

विहिरीवरची केबल. रबर जाळून तांबं विकायचं होतं.
राखणदाराच्या डोक्याला सात टाके.
मोठे दोघं पळाले,
हा टॉर्च धरून तिथंच उभा.
वीस जूनची रात्र.
रजिस्टरप्रमाणे अठरा वर्षं, एकोणीस दिवस.
अठराच्या अलीकडे निरीक्षणगृह,
पलीकडे जेल.

नोंद कोणाच्या हातची?
माझ्या.
तारीख कशावरून?

बारा वर्षांपूर्वी इंदूबाई शाळेच्या ओट्याशी उभी होती:
"तान्ह्या पोळ्याले झाला, गुरुजी.
लोकाईचे पोट्टे नंदी ओढत होते
अन् मले कळा."
सहा पुरे व्हायला अडीच-तीन महिने कमी,
आणि माझ्या पटावर एक पोरगं कमी.
मी लिहिलं, एक जून.
त्या वर्षी माझ्या वर्गातली सोळा पोरं
एकाच दिवशी जन्मली.

हे सगळं सांगितलं.
टाइप करणारी पोरगी थांबली.
मॅडम म्हणाल्या, घ्या, जसंच्या तसं घ्या.
ग्रामपंचायतीत नोंद नाही,
बाळंतपण आजोळी, सुईणीच्या हातचं.
मग आदेश निघाला: हाडांवरून वय काढा.

दुपारी सरकारी दवाखान्यात
काळ्या पाटीवर त्याचं मनगट पालथं.
हेच धरून मी ज्ञ गिरवून घ्यायचो,
त्याचा शेवटपर्यंत वाकडाच यायचा.
डॉक्टर म्हणाले, हाड तारीख नाही सांगत,
अंदाज सांगते. वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे.
म्हणजे माझ्यासारखंच.

इंदूबाईनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली,
बराच वेळ.
"यात पोळा कुठी दिसते, गुरुजी?"

निकाल पुढच्या तारखेला.
वर्तमानपत्र कुठंतरी पडलं होतं,
रजिस्टर येताना उघडंच आणलं.