धक्का

खांद्यावरून फेकायला मी तीन महिन्यांत शिकले.
कमरेवरून फेकायला, पावसाळा धरून, सहा.
पडायला आधीच येत होतं,
चार भावंडांत धाकटी होते मी.

आलं नाही ते एवढंसंच :
समोरच्याचं पाऊल टेकता टेकता
आपल्या तळव्याने बाजूला सारायचं.
जोर नाही, उचल नाही,
अंगणात पाखडलेली तुसं पायाने सारावीत
तेवढंच.

लवकर गेला पाय, तर हवा.
उशिरा गेला, तर खांब.
तीन वर्षं मी हवेला आणि खांबांना लाथा घातल्या.
सुलक्षाचे दोन्ही घोटे जांभळे.
तिची आई विचारायची,
हा ज्युडो की गुरांचा गोठा गो तुमचा?

चोडणच्या पंचायतीचं सभागृह.
खाली खाजनातला पेंढा, वर निळी ताडपत्री,
तिची शिवण कायतान सरांच्या हातची,
दोरखंड ओवायच्या सुईने घातलेली.
दिवसा ते फेरीबोटीवर खलाशी,
संध्याकाळी सर.
अंगाला डिझेलचा वास दोन्ही वेळी.

एका गुरुवारी म्हणाले, आज ताडपत्री नको.
आम्हाला नेऊन बसवलं धक्क्यावर,
खारफुटीकडे पाठ, बोटीकडे तोंड.
"तोंडां न्हय," म्हणाले, "पांय पळयात."

फळी खाली आली, लोखंडावर लोखंड.
आधी पाटीवाली, ओलं पाणी मानेवरून ओघळतंय,
डावं पाऊल पुढे,
सरांचं बोट मांडीवरच किंचित उठलं : आता.
मग स्कूटर ढकलणारा, अर्धा चालत, अर्धा तरंगत : आता.
बाळ कडेवर घेतलेली : गेलं, उशीर.
शाळेतले बोरकर मास्तर छत्री टेकत उतरले,
सर म्हणाले, ह्यांना सोडा, ह्यांना तीन पाय.

मग कुणीच उतरत नव्हतं तेव्हा
पाण्याकडे बघत बोलले,
पाऊल टेकलेलं असतं,
पण माणूस अजून त्यात आलेला नसतो.
तेवढ्यात.
ह्याला धक्का लागत नाही.
आणि आपण बसलोय कशावर, म्हणून स्वतःच हसले.

त्यानंतर कितीतरी दिवस मला चेहरे दिसेनात.
बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत,
उंबरा ओलांडणारी आई, हातात गरम पेजेचं भांडं : आता.
आखातातून परतलेला भाऊ
दारात एका पायावर बूट काढताना : आता.
भीती वाटायची.
दिवसातून किती वेळा माणूस
कुणाच्याही हाती असतो,
आणि त्याला खबर नसते.

सुलक्षा पडली त्या दिवशी
माझ्या पायाला काही लागलंच नाही.
मी विचारलं, घसरलीस?
ती उताणी, छताकडे बघत म्हणाली, नाय गे,
तू केलंस.

पुन्हा जमायला आठ महिने गेले.

सर निवृत्त झाले, गुडघे त्यांच्याआधी.
परवा आम्ही एकाच बोटीने आलो,
ते रायबंदरला, औषधाला.
ओहोटी होती. फळी उतरती, खाली हिरवं शेवाळ.
त्यांचं डावं पाऊल पुढे पडलं, टेकलं,
आणि ते अजून त्यात आलेले नव्हते.

माझा पाय गेला.
सारायला नाही, अडायला,
त्यांच्या चपलेला बाहेरून पाचर लावल्यासारखा,
आणि बाही धरली, नेहमीचीच जागा, कोपराखाली,
फक्त ओढ खाली नव्हे, वर.

मागच्याने हॉर्न वाजवला.
त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"उशीर," म्हणाले. "पूण चलता."
बाही सोडवून घेतली.

मी धक्क्यावर उभी राहिले.
फार्मसीच्या वळणापर्यंत
एकेक पाऊल मोजत :
आता.
आता.
आता.